तो टेम्पो ‘तांत्रिक मुद्द्यावर’ सुटलेला नाही

परवा सावंतवाडीच्या मासळी बाजारात नेहमीच्या कोळणीने सुटे पैसे परत देता देता मोठ्याने विचारलं, "काय गो वकीलबाय, तो दारूचो टेम्पो तूच सोडवलंस मा? तांत्रिक मुद्द्यार सुटलो म्हणतत." आजूबाजूचे चारजण वळून बघायला लागले. हातात बांगड्यांची पिशवी, मागे गिऱ्हाइकांची रांग. तिथे उभं राहून सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे. बावीस वर्षं या जिल्ह्यात फौजदारी वकिली करते. ‘तांत्रिक मुद्द्यावर सुटला’ हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते, आणि दर वेळी मला त्याचं वाईट वाटतं, कारण ते खरं नसतं.

खटला संपला, अपिलाची मुदतही उलटली. कुणाचं नाव घेणार नाही.

रात्रीची वेळ, बांद्याकडून येणारा टेम्पो, मागे ताडपत्री, आत गोवा बनावटीच्या दारूचे खोके. आपल्याकडे हे काही नवीन नाही. गोव्याच्या हद्दीजवळच्या इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर काय काय पकडलं गेलं याच्या बातम्या वाचतच आपण मोठे झालो. पंचनाम्यात साठ खोके, दोन पंचांच्या सह्या, सगळं जागच्या जागी. "आम्ही खाली सह्या करणार पंच" या ओळीने सुरू होणारा, आम्हा वकिलांना पाठ असलेला तो मजकूर.

उलटतपासात पहिल्या पंचाला मी एवढंच विचारलं की तुम्ही खोके मोजलेत का. तो म्हणाला, "नाय. माका चायच्या टपरीरसून बोलावन नेल्यानी. सायबान सांगल्यान थय सही केलंय." टेम्पो कुठे होता? बघितला नाही. पंचनामा कुठे लिहिला? ठाण्यात. दुसरा पंच त्याच ठाण्याच्या आणखी पाच खटल्यांत पंच होता. नमुना म्हणून काढलेल्या बाटल्यांच्या लेबलवर पंचांच्या सह्या नव्हत्या. मुद्देमालाच्या नोंदवहीप्रमाणे त्या बाटल्या अकरा दिवस ठाण्यातच पडून होत्या, आणि लाखेचं सील मारायचा शिक्का त्या काळात कुणाच्या ताब्यात होता हे तपासी अंमलदाराला सांगता आलं नाही. मग सी. ए. रिपोर्टमध्ये, म्हणजे रासायनिक तपासणीच्या अहवालात, ‘अल्कोहोल आढळले’ असं आलं तरी ते नेमकं कुठल्या बाटलीतलं? न्यायाधीशांनी संशयाचा फायदा दिला. यात तांत्रिक काय आहे? माल खरंच त्या टेम्पोत सापडला का, आणि प्रयोगशाळेत गेला तो तोच होता का, हे दोन साधे प्रश्न होते. त्यांचं उत्तर देणारा माणूस कोर्टात मिळाला नाही.

आता जे बहुतेकांना माहीत नसतं ते सांगते. झडती बेकायदा झाली एवढ्या एका कारणाने आपल्या देशात सहसा कुणी सुटत नाही. अमेरिकेत १९६१ च्या मॅप खटल्यापासून नियम असा, की पोलिसांनी घटनाबाह्य झडती घेऊन आणलेला पुरावा राज्यांच्या कोर्टांतही चालत नाही. सिनेमे बघून आपल्याला वाटतं की इथेही तसंच असणार. इथे तसं नाही. पूरणमल खटल्यात (१९७४) सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी स्पष्ट सांगितलं की पुरावा प्रस्तुत, म्हणजे खटल्याशी संबंधित असेल, तर झडती बेकायदा होती म्हणून तो बाहेर ठेवता येत नाही. ते प्रकरण आयकराच्या छाप्याचं होतं, पण फौजदारी कोर्टात आजही तोच निकाल पुढे केला जातो. त्याआधी १९६३ मध्ये राधाकिशन खटल्यात कोर्टाने म्हटलं होतं की झडतीचे नियम मोडले असतील तर घरमालक झडतीला विरोध करू शकतो, आणि कोर्ट त्या जप्तीकडे अधिक काळजीने बघेल, पण जप्ती रद्द होणार नाही. १९८० मध्ये मुंबईतल्या तस्करीच्या सोन्याच्या खटल्यातही हीच भूमिका कायम राहिली.

विरोध करण्याचा तो हक्क कागदावर फार सुंदर दिसतो. रात्री दोन वाजता दारात सहा पोलीस उभे असताना कुठला आंबेवाला म्हणेल, साहेब, तुम्ही कारणं लेखी नोंदवली नाहीत, आत येऊ नका? सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा त्याच्यावर पहाटेपर्यंत दाखल झालेला असेल.

अमली पदार्थांच्या खटल्यांत मात्र कोर्ट कडक असतं, कारण शिक्षाच जबर आहे. गांजा वीस किलोच्या वर किंवा चरस एक किलोच्या वर असेल तर किमान दहा वर्षं. अंगझडती घेण्याआधी ‘जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती द्यायचा तुम्हाला हक्क आहे’ असं त्या माणसाला सांगावंच लागतं. अमली पदार्थांच्या कायद्याचं हे कलम ५०. १९९९ मध्ये बलदेव सिंग खटल्यात आणि २०१० मध्ये विजयसिंह जाडेजा खटल्यात घटनापीठांनी हे ठाम केलं. ‘नेऊ का साहेबांकडे?’ एवढं विचारून भागत नाही. हा त्याचा हक्क आहे हे त्याला कळायला हवं. पण पिशवी म्हणजे अंग नव्हे, हेही कोर्टाने २००५ मध्येच सांगून ठेवलंय.

त्याच मुद्द्यावर मी ओरोसला, आमच्या जिल्हा कोर्टात, एक खटला हरले. एस.टी.त सीटखाली ठेवलेली सॅक, आत दोन किलो गांजा. मी कलम ५० वर युक्तिवाद केला, तो फेटाळला गेला आणि तो बरोबर फेटाळला गेला. त्या खटल्यात पंच होते एक ग्रामसेवक आणि त्याच गाडीचे कंडक्टर. दोघांनी सॅक उघडताना बघितली होती, वजनकाट्यावरचा आकडा वाचला होता, पाकिटाच्या कागदाचा रंगसुद्धा सांगितला. मी तासभर उलटतपास घेतला, पण एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. माझ्या अशिलाला शिक्षा झाली. त्या दिवशी घरी जाताना मला अशिलाचं दुःख होतं, पण निकालाची तक्रार नव्हती.

हे दोन खटले शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे पोलिसांचं पथक तेवढंच मेहनती होतं. फरक पंचांचा होता.

आपल्या कायद्याने झडतीचं सगळं ओझं या दोन माणसांच्या खांद्यावर दिलंय. त्या वस्तीतले स्वतंत्र आणि प्रतिष्ठित असे दोन रहिवासी, असं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०३ मध्येही तेच आहे. पुरावा गाळून टाकायची चाळणी कोर्टाने वापरायची नाही असं एकदा ठरल्यावर उरतो फक्त विश्वास. आणि विश्वास कुणावर ठेवायचा, तर गावातल्या ज्या माणसाला ना पोलिसांकडून काही मिळवायचंय, ना आरोपीकडून, त्याच्यावर. तो माणूस न बघता सही करतो तेव्हा गुन्हेगार सुटायची वाट तिथेच मोकळी होते, आणि निरपराध अडकायचीसुद्धा. दुसरी गोष्ट मी जास्त वेळा बघितली आहे.

मी पंचांना दोष देत नाही. मजुरी बुडवून तीन-चार वर्षांनी समन्स घेऊन तारखेला यायचं, एस.टी. बदलत ओरोस गाठायचं, दिवसभर व्हरांड्यात बसायचं आणि संध्याकाळी कळायचं की पुढची तारीख पडली. भत्ता म्हणून जे मिळतं ते सांगायलाही मला लाज वाटते. वर गावात वैर. अशा माणसाला आपण ‘फुटला’ म्हणतो. बहुतेक वेळा तो फुटलेला नसतो. त्याने आयुष्यात पहिल्यांदा शपथेवर जे खरं होतं ते सांगितलेलं असतं.

नव्या कायद्यात एक चांगली गोष्ट आली आहे, ती मनापासून सांगते. कलम १०५ प्रमाणे झडती, जप्तीची यादी आणि त्यावरच्या सह्या यांचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. साधा मोबाइलही चालतो, त्यासाठी ई-साक्ष्य नावाचं अॅपही आहे. शिवाय कलम १८५ खाली वॉरंटशिवाय झडती घेतली तर नोंदवलेल्या कारणांची प्रत अठ्ठेचाळीस तासांत दंडाधिकाऱ्यांकडे गेली पाहिजे. पण चित्रण केलंच नाही तर काय, हे कायद्यात लिहिलेलं नाही. तिथेच माझी भीती आहे. पूरणमलच्या वाटेने गेलं तर ‘चित्रण नाही, ही केवळ अनियमितता’ असं म्हणून सगळं चालून जाईल.

पूरणमलचा फेरविचार व्हायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे. त्या निकालामागे १९५४ च्या आठ न्यायमूर्तींच्या निकालाचा आधार होता, की आपल्या घटनेत झडतीविरुद्ध अमेरिकेसारखी तरतूद नाही, म्हणून खासगीपणाचा हक्क झडतीच्या आड आणता येणार नाही. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि १९५४ च्या निकालातला तो भाग रद्द केला. पाया हलला, वरचा मजला मात्र तसाच उभा आहे. सगळा बेकायदा पुरावा फेकून द्या असं मी म्हणत नाही. किनाऱ्यावरचा माणूस तसं म्हणू शकत नाही. १९९३ मध्ये दिघी आणि शेखाडीला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांसाठी काय उतरवलं गेलं ते आपण विसरलेलो नाही, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये दापोलीच्या किनाऱ्यांवर चरसची पाकिटं लागली तेही नाही. पण मुद्दाम नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याला त्याची काहीतरी किंमत मोजावी लागली पाहिजे. आज ती किंमत पंच मोजतो, आरोपी मोजतो आणि टेम्पोवाला मोजतो.

टेम्पोचंही सांगते. तो सुटला म्हणता ना? जप्त वाहनं महिनोन्महिने ठाण्यात ठेवू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सुंदरभाई देसाई खटल्यात सांगितलंय. आता नव्या कायद्यात तर चौदा दिवसांत यादी आणि त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश असं वेळापत्रकच आहे. हा टेम्पो त्याआधीचा. मालक वेगळा, चालक वेगळा. मालकाने सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करू अशा हमीवर, गाडी मागायला अर्ज केला, तारखा पडत गेल्या आणि टेम्पोने ठाण्याच्या आवारात तीन पावसाळे काढले. आपला पाऊस म्हणजे काय ते सांगायला नको. निकालाच्या दिवशी गाडी ताब्यात घ्यायला गेलो तेव्हा हौद्याचा पत्रा हातात तुटून येत होता आणि केबिनमध्ये माडाचं रोप उगवलं होतं. मालकाचं कर्ज अजून फिटलेलं नाही.

शेवटी माझ्या काकांचं. ते पूर्वी एकदा न बघता पंच झाले होते. कोर्टात त्यांची जी गत झाली ती अजून त्यांच्या जिव्हारी आहे. यंदा मे महिन्यात रात्री पुन्हा त्यांना बोलावणं आलं. सत्तरीचा माणूस, गुडघे धरलेले. गेले. कागद पुढे आला तेव्हा म्हणाले, "आधी गाडी उघडा. मी मोजतंय, मगे सही." नवीन आलेला तरुण फौजदार होता. तो रागावला नाही, बॅटरी धरून उभा राहिला आणि शिपायाला मोबाइलवर चित्रण करायला सांगितलं. काकांनी एकेक खोका खाली उतरवून घेतला. लिहून आणलेल्या कागदावर आकडा चाळीस होता. मोजले तेव्हा अडतीस भरले. पंचनाम्यात अडतीस लिहिलं गेलं.