राणाला ‘क्लीन चिट’ मिळाली होती म्हणे!

२६/११च्या मुंबई हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणा याला १० एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेतून आणून दिल्लीत उतरवलं, तेव्हापासून एक मेसेज अधूनमधून डोकं वर काढतो. त्याचा मथितार्थ असा: अमेरिकेच्या कोर्टाने राणाला २६/११ मधून निर्दोष सोडलं होतं, एका गुन्ह्यासाठी दोनदा खटला चालवता येत नाही, तरी ट्रम्पनी मैत्रीखातर त्याला भारताच्या हवाली केलं आणि तिथल्या सुप्रीम कोर्टानेही शेवटी त्याला दोषीच मानलं. यातलं पहिलं आणि शेवटचं वाक्य एकमेकांच्या पायात पाय घालतात, हे पुढे ढकलणाऱ्यांच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. असो, एकेक घेऊ.

‘निर्दोष सोडलं होतं.’ अर्धंच सांगितलंय. शिकागोच्या फेडरल कोर्टात राणावर तीन आरोप होते. जून २०११ मध्ये ज्युरीने दोन आरोपांत त्याला दोषी धरलं: लष्कर-ए-तैयबाला साहाय्य करणं, आणि डेन्मार्कमधल्या एका वृत्तपत्रावर हल्ला करण्याच्या कटात मदत करणं. मुंबईच्या हल्ल्यासाठी मदत पुरवण्याच्या कटाचा जो आरोप होता, तेवढ्यातून तो सुटला. जानेवारी २०१३ मध्ये त्याला १४ वर्षांची शिक्षा झाली. ‘क्लीन चिट’ मिळालेला माणूस एवढी वर्षं तुरुंगात बसत नाही.

सुटला तेही कशामुळे, हे कुठे लिहिलेलं नाही. ज्युरी कारणं देत नाही, फक्त दोषी की नाही एवढंच सांगते. ‘दोषी नाही’ म्हणजे संशयापलीकडे सिद्ध झालं नाही. पण हा कौल तिथे पक्का असतो, त्यावर सरकारला अपील करता येत नाही. आपल्याकडे मुंबईत १९५९ साली नानावटी खटल्यात ज्युरीने ८ विरुद्ध १ असा सुटकेचा कौल दिला, तेव्हा सत्र न्यायाधीशांनी तो न स्वीकारता प्रकरण थेट हायकोर्टाकडे पाठवलं होतं. फेडरल कोर्टातल्या न्यायाधीशाला ज्युरीने सोडलेल्या आरोपीबाबत असं काही करण्याची सोय नाही. तेव्हा सुटकेचा तो एक कौल क्षुल्लक होता, असं मीही म्हणणार नाही. राणाच्या वकिलांचा सगळा भर त्यावरच होता.

आणि म्हणून दुसरा मुद्दा खरा वजनदार आहे: ‘एका गुन्ह्यासाठी दोनदा खटला नाही.’ भारत आणि अमेरिका यांच्यातल्या १९९७च्या प्रत्यार्पण कराराच्या सहाव्या कलमातही ते लिहिलंय. ज्या गुन्ह्यासाठी माणूस मागितला, त्याच गुन्ह्यात त्याला पाठवणाऱ्या देशात शिक्षा झाली असेल किंवा तो सुटला असेल, तर त्याला पाठवायचं नाही. आता भांडण एका शब्दावर आलं. ‘गुन्हा’ म्हणजे काय? घडलेली घटना, की कायद्यात लिहिलेला आरोप?

राणाचे वकील म्हणाले, घटना. राणाच्या कंपनीचं मुंबईत ताडदेवला असलेलं इमिग्रेशन ऑफिस, हल्ल्याआधी टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीला त्यातून पुरवलेलं आवरण, सगळं शिकागोत तपासून झालंय. लॉस एंजेलिसच्या मॅजिस्ट्रेटने मे २०२३ मध्ये, जिल्हा न्यायाधीशाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणि नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने १५ ऑगस्ट २०२४ रोजी हे म्हणणं नाकारलं. त्यांच्या मते ‘गुन्हा’ म्हणजे आरोप, आणि तो सिद्ध करायला लागणारे घटक. शिकागोत आरोप होता मदत पुरवण्याच्या कटाचा. भारताने लावलेत युद्ध पुकारण्याचा कट, खून, बनावट कागदपत्रं असे आरोप. यातला प्रत्येक सिद्ध करायला असं काहीतरी लागतं, जे शिकागोत सिद्ध करायची गरजच नव्हती. तुमच्या ओळखीच्या कुठल्याही फौजदारी वकिलाला विचारा. एकाच मारामारीतून तीन-चार वेगवेगळी कलमं लागतात, तसाच हा प्रकार. हा अर्थ आरोपीवर अन्याय करणारा वाटू शकतो, त्यावर वाद जरूर घाला. पण कोर्टाने प्रश्न टाळला, असं मात्र म्हणता येणार नाही. निकालाचा सगळा जीव त्याच प्रश्नात आहे.

आता ट्रम्प यांच्या मैत्रीचं थोडक्यात. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी त्यांनी मोदींच्या शेजारी उभं राहून राणाला भारताकडे पाठवण्याची घोषणा केली, हे खरं. कोर्टाच्या हिरव्या कंदिलानंतर पाठवायचं की नाही हे शेवटी तिथलं सरकारच ठरवतं, हेही खरं. पण राणाला भारताच्या विनंतीवरून पुन्हा अटक झाली जून २०२० मध्ये. मधली चार वर्षं बायडेन यांचं सरकारच भारताच्या बाजूने कोर्टात उभं होतं.

राहिलं ‘सुप्रीम कोर्टाने दोषी मानलं’. हे तर साफ चूक. २१ जानेवारी २०२५ रोजी त्या कोर्टाने राणाची याचिका सुनावणीलाच घेतली नाही. दरवर्षी हजारो याचिका येतात आणि ६०-७० प्रकरणांचीच पूर्ण सुनावणी होते. न घेणं म्हणजे खालचा निकाल बरोबर आहे असं शिक्कामोर्तब नव्हे.

शिवाय राणाने लढवलेली हेबियस कॉर्पसची, म्हणजे ‘मला बेकायदा डांबलंय’ म्हणणारी लढाई तिथे दिवाणी मानली जाते, फौजदारी नव्हे. प्रत्यार्पणाच्या सुनावणीत मॅजिस्ट्रेटने पाहायचं ते एवढंच की आरोपावर विश्वास ठेवायला पुरेसा आधार आहे का, आणि वरच्या कोर्टांनी पाहायचं ते त्याने मर्यादेत राहून निर्णय दिला की नाही. राणाने काय केलं, याचा निवाडा यातल्या कुणीच केला नाही. ‘अमेरिकेने सिद्ध केलंय, आता थेट फासावर चढवा’ म्हणणाऱ्यांनाही हे लागू आहे. दिल्लीतल्या कोर्टात पुरावा पहिल्यापासून मांडावा लागणार.

त्या पुराव्यात मोठी अडचण डेव्हिड हेडलीची आहे. ताज, सीएसएमटी, नरिमन हाउसची टेहळणी करणारा तो. त्याने मार्च २०१० मध्ये बाराही आरोप कबूल केले आणि बदल्यात फाशी नाही, भारताकडे प्रत्यार्पण नाही, असा करार पदरात पाडून घेतला. राणाने याच करारावर बोट ठेवलं: हेडलीला पाठवायचं नाही असं कबूल करताना सरकारनेच प्रत्यार्पण करारातला ‘गुन्हा’ म्हणजे घटना, असा अर्थ घेतला होता. नवव्या सर्किटने हे मानलं नाही: हेडलीच्या कबुलीच्या करारावरून दोन देशांमधल्या कराराचा अर्थ ठरत नाही. हेडली ३५ वर्षांची शिक्षा भोगतोय, तीही अमेरिकेतच. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या कोर्टाने त्याची साक्ष माफीचा साक्षीदार म्हणून नोंदवली, तेव्हा तो व्हिडिओच्या पडद्यावर होता.