ब्लॉगची प्रिंट काढून फाईलला लावा म्हणे!

आज शाळेत मीटिंग होती. मुलांच्या ब्लॉगची तपासणी होणार आहे, म्हणून प्रत्येक पोस्टची प्रिंट काढायची, खाली माझी सही, वर्गशिक्षकाची सही, आणि फाईल कपाटात. मी विचारलं, लिंक पाठवली तर? उत्तर आलं, "लिंक फाईलला कशी लावणार, बेन?" हसू नका. मी हसले आणि मलाच ऐकून घ्यावं लागलं.

गेल्या वर्षी माझ्या नववीतल्या एका मुलानं सयाजीरावांवर पोस्ट लिहिली. (बडोद्यातल्या पोराला काहीही लिहायला सांगा, महाराज येणारच.) गुजरातीत चार परिच्छेद, त्यात ठणकावून विधान: सक्तीचं मोफत शिक्षण १९०६ मध्ये सुरू झालं. मी वाचलं, छान म्हटलं, चढवलं. दोन दिवसांनी दांडिया बाजारातल्या एका आजोबांची कॉमेंट: बेटा, १९०६ ला ते राज्यभर लागू झालं, सुरुवात १८९३ ला अमरेलीत झाली होती.

चूक त्याची कसली, माझीच पकडली गेली. पोरगं दिवसभर गप्प. शनिवारी मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात गेलं, तेही महाराजांनीच १९१० साली काढलेलं, आणि सोमवारी पोस्टखाली 'दुरुस्ती' असं लिहून आजोबांचे आभार मानले. जुनं वाक्य पुसलं नाही, तसंच ठेवलं.

वहीत झालं असतं हे? वहीला वाचक एकच, लाल पेनवाला. आणि रात्री अकराला पन्नासावी वही हातात आली की मीही नुसती टिक मारते, कबूल.

हे सगळं आता कपाटात जाणार! ज्या कपाटाची किल्लीसुद्धा कोणाकडे असते देव जाणे!

आधी मीही गोंधळ घातलाय. गटप्रकल्पासाठी एक गूगल डॉक उघडलं आणि चाळीसच्या चाळीस जणांना एडिटचा हक्क देऊन मोकळी झाले. मंगळबाजार झाला नुसता. कुणीतरी सगळा मजकूर उडवला. व्हर्जन हिस्टरी उघडली तर कोणी, किती वाजता, सगळं समोर, आणि मजकूरही परत आला. तेव्हापासून चौघांचा गट. दुसऱ्याच्या परिच्छेदाला हात लावायचा नाही, बाजूला कॉमेंट टाकायची. एकानं राबायचं आणि चौघांची नावं लावायची हा आपला पिढीजात गटप्रकल्प तिथे चालत नाही, हिस्टरी चहाडी करते.

फोन दिला की रील्स बघतात? हो, बघतात. घरात एकच फोन असतो, हेही खरं. म्हणून लॅबचा तास मागितला होता. मिळाला नाही, तिथे सध्या फायली ठेवल्यात. आणि काळजी नको, मुलांची आडनावं, फोटो काही टाकत नाही, कॉमेंटही मी वाचल्याशिवाय दिसत नाही.

जाऊ दे. आचार्यांचंही (इथे आचार्य म्हणजे मुख्याध्यापक) काय चुकलं म्हणा, वरून कोणी आलं की त्यांना हातात धरायला काहीतरी लागतं.

मघाशी त्याच मुलाचा मेसेज आला. दहावीत आहे आता, प्रिंटची बातमी पोचली वाटतं. "बेन, दादांनी लिहिलेलंपण प्रिंट करणार ना?" (इथे दादा म्हणजे आजोबा.)

हो म्हटलं. रंगीत काढते.