‘घरच्यांशी बोला’ हा उपचार नव्हे

परवा मामांनी आमच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. सध्या तो सगळीकडे फिरतोय: ‘ऑनलाइन थेरपी म्हणजे निव्वळ लूट. समोर बसल्याशिवाय मन कळत नाही. पडद्यावरचे लोक लगेच गोळ्या सुरू करतात. बोललेलं सगळं बाहेर जातं. त्यापेक्षा घरच्यांशी बोला.’ तासाभरात मावसबहिणीने मला लिहिलं, ‘ताई, गुरुवारचं सेशन नको म्हणते. सासूबाईंकडेही हाच मेसेज आलाय. त्यांनी मोठ्याने वाचून दाखवला.’

तिचं बाळ पाच महिन्यांचं आहे. बाळंतपणानंतर तिला नैराश्य आलं. लातूरच्या डॉक्टरांनी निदान केलं आणि सेशन ऑनलाइन घ्यायलाही त्यांनीच सांगितलं, कारण तिच्या गावाहून लातूर गाठायचं तर बाळाला कडेवर घेऊन दोन एसट्या बदलाव्या लागतात. गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला वीट लावून ती बसते. अशी तीन सेशनं झाली होती.

गोळ्यांचं आधी सांगते, कारण ते सरळ खोटं आहे. समुपदेशकाला किंवा मानसशास्त्रज्ञाला आपल्याकडे औषध लिहून देण्याचा अधिकारच नाही. तो मनोविकारतज्ज्ञांसारख्या डॉक्टरांचा. त्यांनी ऑनलाइन तपासलं तरी कुठली औषधं देता येतील, याचे नियम सरकारने मार्च २०२० मध्येच घालून दिलेत.

समोर बसल्याशिवाय उपयोग नाही? कार्लब्रिंग हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये २० अभ्यास एकत्र तपासले, १,४१८ माणसांचे. एका गटाला सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी, समोरासमोर, दुसऱ्याला तीच इंटरनेटवरून, थेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली. दोन्हींच्या परिणामात म्हणावा असा फरक निघाला नाही.

माहिती बाहेर जाते, यात मात्र तथ्य आहे, ते मानावंच लागेल. अमेरिकेत बेटरहेल्प या ऑनलाइन थेरपी देणाऱ्या कंपनीने ग्राहकांची आरोग्याविषयीची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅटला दिल्याचा ठपका तिथल्या व्यापार आयोगाने ठेवला आणि २०२३ मध्ये तिला ७८ लाख डॉलर भरायला लावले. म्हणून ॲप घेताना विचारा: नोंदी कुठे राहतात, रेकॉर्डिंग होतं का? ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवणाऱ्याकडे रिहॅबिलिटेशन कौन्सिल या सरकारी परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. ‘समुपदेशक’ अशी पाटी तर कुणीही लावतं, तेव्हा शिक्षण विचारायला लाजू नका.

आता ‘घरच्यांशी बोला’. मेसेजमधलं सगळ्यात गोड वाक्य हेच आणि सगळ्यात घातकही हेच. माझ्या बहिणीला जे बोलायचंय ते घराबद्दलच आहे. बाळ रडलं की तिला माया वाटत नाही, अंगावर काटा येतो. दूध पुरत नाही हे वाक्य दिवसातून चार वेळा कानावर पडतं. हे ती कुणाला सांगणार? सासूबाई वाईट नाहीत, बाळाची मालिश, शेक-शेगडी सगळं त्याच बघतात. पण ‘मला बाळ नकोसं वाटतं’ हे ऐकून त्या घाबरतील, आणि मग ते वाक्य आयुष्यभर तिच्या मागे लागेल. घरचे तिला कुशीत घेतील, घ्यायलाच हवं, पण आजार ओळखणं आणि त्यावर काम करणं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे. निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचं दिसलं. या सगळ्यांच्या घरी माणसं नव्हती का?

ऑनलाइन सगळ्यांना चालतं असं मी म्हणत नाही. जीव द्यावासा वाटतोय, नसलेले आवाज ऐकू येतात, बाळंतीण भ्रमिष्टासारखी बोलतेय, तर तडक दवाखाना गाठा. मारणारा माणूस भिंतीपलीकडे बसून ऐकणार असेल, तर फोनवरचं सेशन धोक्याचं. आणि पैशाचीच अडचण असेल तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे: १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही.

मामांना ग्रुपवर मी एवढंच लिहिलं: गुरुवारी साडेतीनला तिचं चौथं सेशन आहे, ते होणार आहे. तेवढा पाऊण तास बाळाला कोण घेणार, ते सांगा.