म्हणे व्हेल फक्त कायद्याने वाचले

गेले आठ दिवस आमच्या वर्सोव्याच्या प्रत्येक ग्रुपवर तोच मेसेज फिरतोय, की व्हेल वाचवायला जहाजं आडवी घालणारे ते सी शेफर्डवाले म्हणजे समुद्री दहशतवादी, त्यांनी एकही व्हेल वाचवला नाही, जे झालं ते कायद्याने झालं, आणि असलीच लोकं उद्या आपल्या कोळ्यांच्या पोटावर पाय देणार. घरात तीन पिढ्या होडी आहे, म्हणून लिहितेय.

कायद्याचंच आधी घ्या. धंद्यासाठी व्हेल मारायला १९८६ पासून बंदी आहे ना, मग त्यानंतरही जपानची जहाजं अंटार्क्टिकात 'संशोधन' सांगून मिंकी व्हेल मारत होती ती कोणी अडवली? २०१०-११ च्या सीझनला टार्गेट होतं साधारण ८५० मिंकीचं, मारले १७०, आणि सी शेफर्ड आडवं येतंय, खलाशांच्या जिवाला धोका आहे म्हणून लवकर परत येतोय, असं खुद्द जपान सरकारने सांगितलं. २०१२-१३ ला तर १०३ च. ही शिकार थांबवा, असा आंतरराष्ट्रीय कोर्टाचा निकाल लागला मार्च २०१४ मध्ये. मोठाच निकाल होता तो, पण एक सीझन थांबून जपानने नवा प्रोग्रॅम काढला आणि ३३३ मारलेच.

आता 'दहशतवादी'. १९८६ ला आइसलंडच्या रेक्याविक बंदरात त्यांनी व्हेल मारणारी दोन रिकामी जहाजं बुडवली, माणूस कोणी जखमी झाला नाही. अमेरिकेच्या एका अपील कोर्टाने २०१३ ला त्यांना चाचे म्हटलं हेही खरंय. मला जड जातं ते मेक्सिकोचं. तिथे वाकिटा हा डॉल्फिनसारखा छोटा प्राणी वाचवायला ते बेकायदा जाळी काढत होते, ३१ डिसेंबर २०२० ला त्यांचं जहाज आणि मच्छीमारांची होडी धडकली आणि त्यात एक मच्छीमार गेला. कोळ्याच्या घरात बसून हे वाचताना त्याच्या बायकापोरांचाच विचार येतो, याला माझ्याकडे उत्तर नाही.

म्हणून पोटाचा मुद्दा मी झटकत नाही. पण समुद्रातला जीव वाचवायचा म्हणजे कोळी उपाशी, असंच काही नसतं. आपल्याकडे डिसेंबर २०१८ पासून सरकारी योजना आहे, संरक्षित प्राणी सोडायला जाळं कापलं तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. गेल्या वर्षी काकांच्या जाळ्यात कासव आलं, जाळं नवंकोरं, खलाशी काकांना म्हणाला, तांडेल, आधी फोटो काढू, भरपाईला लागतो. काका म्हणाले आधी काप. फोटो काढला, पण कासव अर्धं पाण्यात गेलेलं.