हायड्रेंजियाचा मानपान

न्यू जर्सीत घर घेतलं की कर्ज, बर्फ उपसायचं फावडं आणि हायड्रेंजिया ही तिन्ही लचांडं एकदमच गळ्यात पडतात. त्यातलं कर्ज निदान कधीतरी फिटतं.

आधीचे मालक हायड्रेंजियाची दोन फुलझाडं ठेवून गेले होते, एक घराच्या भिंतीला लागून आणि दुसरं कुंपणापाशी. जूनमध्ये दोन्हींवर ओंजळीत न मावणारे गुच्छ आले. बायको हरखली. दुपारी मात्र दोघांनीही माना टाकल्या, आणि मी चालू मीटिंगमधून पाइप घेऊन धावलो. शेजारच्या आजोबांनी कुंपणापलीकडून मला थांबवलं. म्हणाले, आधी मातीत बोट घालून बघ. ओल असेल तर पाणी नको. एवढाल्या पानांतून पाणी उडतं, तितक्या झपाट्याने मुळं ओढू शकत नाहीत, म्हणून हे नाटक. ऊन उतरल्यावर झाडं खरंच ताठ उभी राहिली. तेव्हा ओळखलं, हा धोंड्याच्या महिन्यातला जावई आहे. काही कमी नसलं तरी तोंड पाडून बसायचं आणि घरभर पळापळ लावायची.

मग रंगाचा प्रश्न निघाला. कुंपणापाशी निळी फुलं, भिंतीपाशी गुलाबी. बायकोला सगळी निळी हवीत. पण घराचा पाया काँक्रीटचा. त्यातला चुना मातीत उतरतो, सामू चढतो, म्हणजे मातीतलं आम्ल कमी होतं, आणि तिथलं ॲल्युमिनियम मुळांना मिळेनासं होतं. ते मिळालं तरच फूल निळं. इथे लोक झाडाला कॉफीचा चोथा घालतात. वापरलेल्या चोथ्यात आम्ल जवळजवळ उरत नाही, पण घालणाऱ्याला समाधान मिळतं. वाईहून आईने व्हिडिओ कॉलवर निकाल दिला, "तुरटी घाल." मी हसणार होतो, तेवढ्यात शाळेतलं रसायनशास्त्र आठवलं. तुरटीत ॲल्युमिनियमच असतं! दाढीच्या कपाटातला खडा पाण्यात विरघळवून मुळाशी गेला.

फळ पुढच्या वर्षी. आणि पुढच्या वर्षीच्या कळ्या हे झाड ऑगस्ट-सप्टेंबरातच जुन्या काड्यांवर धरून ठेवतं. म्हणजे हिवाळाभर अंगणात ज्या वाळक्या काटक्या दिसतात, त्यांना हात लावायचा नाही. गवत कापणारा माणूस दर वेळी कात्री घेऊन त्यांच्याकडे प्रेमाने बघतो आणि मी मध्ये उभा राहतो. थंडीत गोणपाट गुंडाळायचं. एप्रिलमध्ये चार दिवस ऊब आली की कोंब फुटतात आणि लगेच रात्रीचं दव गोठतं. त्या रात्री मी दोघांना सोलापुरी चादरी पांघरल्या.

"त्या पाहुण्यांसाठी ठेवल्यात," बायको म्हणाली.

"मग हे कोण आहेत?"

यातून जे वाचतं, ते हरणं खातात. आपल्याकडे कवितेत असतात तशी ही हरणं लाजरीबुजरी नाहीत. भर संध्याकाळी अंगणात येऊन रांगेने जेवतात. त्यांना पळवायला सडक्या अंड्यांचा फवारा मिळतो. पाऊस पडला की पुन्हा मारायचा. आमच्याकडे श्रावण पाळतात, पण हरणं पाळत नाहीत.

अखेर भिंतीजवळचं फूल आलं. निळं नव्हे, गुलाबीही नव्हे, चक्क वांगी रंगाचं. बायकोने फोन फुलाच्या अगदी जवळ नेऊन आईला दाखवलं.

"छान आहे हो. वास येतो का?"

"येतो की," मी म्हणालो, "अंड्याचा."