बारकी मादी चालेल, घाईचा नर नको : सांगलीकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सांगलीकर, नमस्कार.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : 'खुरटलेले मासे पैदाशीला लावू नका' हा माझा सल्ला पुस्तकी आहे, तुमच्या इंचभर गप्पी माद्यांची पिल्लं दोन इंचांची झाली, मासा टाकीएवढाच वाढतो, त्यात रक्ताचा संबंध काय, आणि असलं लिहून मी नवख्यांना महागडे मासे घ्यायला लावतो. शेवटच्या मुद्द्यापुरतं एवढंच, की मासे मी विकत नाही. बाकीच्यावर बोलू.

तुमची पिल्लं मोठी झाली याचं मला नवल वाटलं नाही. दुकानातल्या त्या टाकीत सगळेच मासे तेवढे होते, असं तुम्हीच लिहिलंय. अख्खी बॅच बारकी असली की बहुतेक वेळा दोष वाढवणाऱ्याचा असतो. गर्दी, न बदललेलं पाणी, नुसतं कोरडं खाद्य. अशा माशाचं बीज शाबूत असू शकतं. आंध्रातले मत्स्यशेतकरी तर हे मुद्दाम करतात. रोहू-कटल्याची बोटुकली दाटीवाटीने, तुटपुंज्या खाद्यावर वर्षभर अडवून ठेवतात आणि मग मोठ्या तळ्यात सोडतात. तिथे ती अशी काही सुटतात की मागची कसर भरून काढतात. तुमच्या बाजूने याहून भक्कम उदाहरण मला माहीत नाही. तुम्ही ते दिलं नाहीत, म्हणून मीच देतो.

'टाकीएवढा वाढतो' हे मात्र सोडून द्या. काचेला काही कळत नाही. वाढ अडते ती पाण्यात साठत गेलेल्या घाणीने आणि गर्दीने. बाऊलमधला गोल्डफिश छोटाच राहिला म्हणजे त्याने जुळवून घेतलं असं आपण समजतो. खरं तर तो खुरटलेला असतो, आणि त्याचं आयुष्यही तितकंच आखूड होतं.

मी लिहिलं होतं ते वेगळ्याच माशाबद्दल. एकाच मादीची, एकाच दिवशी झालेली, एकाच टाकीत तेच आर्टेमिया (कोळंबीच्या जातीचे बारीक जीव, पिल्लांचं खाद्य) खाऊन वाढलेली पिल्लं घ्या. तीन महिन्यांनी बहुतेक सगळी भरलेली आणि दोन-तीन निम्म्यावर अडकलेली. इथे पाण्याला किंवा दुकानदाराला बोल लावता येत नाही. असा मासा बाजूने नीट बघा. अंगाच्या मानाने डोळा मोठा, डोकं मोठं, पोट खपाटीला. खायला धावतो, दाणा तोंडात घेतो आणि थुंकतो. पोटाखाली गुदद्वारातून लाल दोऱ्यासारखं काही डोकावत असेल तर ते कॅमॅलॅनस, म्हणजे आतड्यातले जंत. कणा वाकत चाललाय आणि मासा खंगतोय, असं असेल तर माशांच्या टीबीची शंका घ्या. मग पैदाशीचा विषयच नको, आणि हाताला जखम असताना त्या टाकीत हात घालू नका. तो जंतू माणसाच्या कातडीलाही धरतो.

आता रक्ताचा संबंध. कोनोव्हर आणि मंच या संशोधकांनी 2002 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग अटलांटिक सिल्व्हरसाइड या माशावरचा आहे. काही गटांतले सर्वांत मोठे 90 टक्के मासे दर पिढीला काढून टाकले, काही गटांतले सर्वांत लहान 90 टक्के. उरलेल्यांपासून पुढची पिढी. चार पिढ्यांतच दोन्हींच्या वजनात मोठी तफावत पडली. आणि तुमचा आवडता गप्पीच हवा असेल तर त्रिनिदादला चला. 1976 मध्ये तिथल्या अरिपो नदीतले गप्पी शिकारी मासे असलेल्या भागातून उचलून, जिथे जवळजवळ शिकारी नाहीत अशा ओढ्यात सोडले. अकरा वर्षांनी रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं तर ते उशिरा वयात येत होते, मोठे होऊन येत होते. प्रयोगशाळेत सारख्याच टाक्यांत वाढवलेल्या नातवंडांतही तो फरक टिकला. टाकी तीच, खाणं तेच, तरी मापं वेगळी.

एवढं सांगूनही, तुमच्या बारक्या माद्यांवर माझा खरा राग नाही. बारकी मादी पिल्लंच कमी देते, त्यामुळे तिचं नुकसान तिच्यापाशीच थांबतं. लाइन, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जपलेला वाण, बिघडवतो तो नर, आणि तोही आपल्या सगळ्यांचा लाडका. गप्पी काय, स्वोर्डटेल (ज्याच्या नराच्या शेपटीला तलवारीसारखं टोक येतं तो मासा) काय, नराचं गोनोपोडियम, म्हणजे मीलनासाठी बदललेला पर, पूर्ण झालं की वाढ जवळजवळ थांबते. म्हणजे बॅचमध्ये ज्याला सर्वांत आधी रंग चढला, तलवार फुटली, तो भावंडांत कायमचा छोटा राहण्याची शक्यता सर्वांत जास्त. आपण नेमका त्यालाच 'काय उठलाय बघ' म्हणत जोडीला लावतो! प्लॅटी आणि स्वोर्डटेलच्या कुळात नर कधी वयात येणार, आणि म्हणून केवढा होणार, हे बऱ्याच अंशी एका जनुकावर ठरतं. संशोधक क्लाउस कॉलमन यांनी त्याला पी नाव दिलं. लवकर पिकणाऱ्याचे मुलगेही लवकर पिकतात. दर पिढीला हीच निवड केली की काही वर्षांत 'हल्लीचे स्वोर्डटेल पूर्वीसारखे होत नाहीत' अशी तक्रार करायला आपण मोकळे.

नंतर त्याला बाजूला काढून भागत नाही, कारण मादी शुक्राणू महिनोन्‌महिने साठवून ठेवते. घाईच्या भावाने तोवर सगळ्या बहिणींना गाठलेलं असतं. म्हणून नर-मादी ओळखू येताच वेगळे करावे लागतात, आणि हे काम कंटाळवाणं आहे हे कबूल. 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' एवढ्याचसाठी हौदात सोडायचे असतील तर यातलं काहीही करू नका. डासांच्या अळ्यांना माशाच्या मापाशी देणंघेणं नसतं.

तुमच्या माद्या काढून टाका असं मी म्हणत नाही. त्यांची पिल्लं चांगल्या पाण्यात वाढवा, रंग आधी आलेले नर बाजूला ठेवा, उशिरा भरलेल्यांतून पुढचा नर निवडा. पुढच्या बॅचची मापं एकाच वयाला घेऊन इथे जरूर टाका. फक्त मोजताना शेपटी धरू नका. शेपटी धरली तर आमच्याकडचेही सगळे गप्पी दोन इंची आहेत.