'रिग्रेट' म्हणजे माफी नव्हे

जालियनवाला बागेला शंभर वर्षं व्हायला तीन दिवस असताना, १० एप्रिल २०१९ रोजी, ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे त्यांच्या संसदेत त्या हत्याकांडाबद्दल 'डीपली रिग्रेट' म्हणाल्या. ही माफी वाटली असेल, तर शब्द नीट ऐकला नाही. 'रिग्रेट' म्हणजे झालं ते वाईट झालं. केलं कोणी, यावर हा शब्द अवाक्षर काढत नाही. 'अपॉलजाइझ' म्हटलं की चूक पदरात घ्यावी लागते. मुत्सद्द्यांना आणि वकिलांना 'रिग्रेट' इतका लाडका का, ते यावरून कळावं.

'रिमोर्स' वेगळा. लॅटिनमधला मूळ अर्थ 'पुन्हा चावणं'; आपण 'मन खातं' म्हणतो, तेच. त्याला स्वतःचा अपराध लागतो. गाडी चुकली तर रिग्रेट. गाडी कुणाच्या अंगावर घातली तर रिमोर्स (निदान व्हायला हवा).

ऑफिसच्या ईमेलमध्ये मात्र घोळ व्याकरणाचा असतो. 'आय रिग्रेट फॉर द डिले' चूक आहे. आपल्या 'उशिराबद्दल खेद'मधला 'बद्दल' आणि 'सॉरी फॉर'ची सवय मिळून तो 'फॉर' घुसवतात. रिग्रेटला थेट कर्म लागतं: 'आय रिग्रेट द डिले'.

त्याहून महागात पडणारी चूक पुढे आहे. 'आय रिग्रेट टेलिंग यू' म्हणजे तुला सांगून बसलो, आता पस्तावतोय. 'आय रिग्रेट टु टेल यू' म्हणजे वाईट बातमी आता सांगतोय. हा 'टु' टेल, से, इन्फॉर्म, अनाउन्स अशा मोजक्या क्रियापदांबरोबरच चालतो. 'रिग्रेट टु रिझाइन' असं लिहून राजीनाम्याचा पस्तावा सांगता येत नाही. तिथे 'रिझाइनिंग'च हवं. आणि घटना 'रिग्रेटेबल' असते, 'रिग्रेटफुल' असतो माणूस.

भाषांतरात तर सगळीकडे सरसकट 'पश्चात्ताप'. नोकरी नाकारणाऱ्या पत्रातल्या 'वी रिग्रेट'चं तसं भाषांतर केलं, तर तुम्हाला न घेतल्याबद्दल कंपनी रडतेय असं वाटेल. तिथे 'खेद' पुरे. थोडक्यात हुकलेल्या शतकाची हळहळ वाटते, बारीकसं काही राहून गेलं की चुटपुट लागते, आणि गेलेल्या माणसाशी बोलायचं राहिलं तर ती रुखरुख. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी बिचारा एकटा 'रिग्रेट' राबतो.

स्पेलिंगचंही बघा. 'रिग्रेटेड'मध्ये दोन टी, कारण आघात 'ग्रेट'वर आहे. 'व्हिजिटेड'मध्ये तो पहिल्या अवयवावर, म्हणून शेवटचा टी एकच. यावर हुज्जत घालणारे आपले लोक मराठीत मात्र बिनदिक्कत 'पश्चाताप' लिहितात. पश्चात् अधिक ताप. तिथेही त दोनच आहेत.